चिकणीखालची कोरडी वाळू

शेतकऱ्याची तक्रार साधी होती. जूनमध्ये जोराचा पाऊस झाला की त्याच्या सोयाबीनमध्ये चार-पाच दिवस पाणी तुंबायचं. ते आटल्यावरही आठवडाभर वाफसा येत नसे, ट्रॅक्टर घातला की चाकं रुतायची. आणि खोदून बघावं तर तीन फुटांखाली वाळू, तीही कोरडी. वर तळं, खाली कोरडी वाळू. मग पाणी जात का नाही?

मी तेव्हा अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये मृदाशास्त्र शिकत होते, पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. उन्हाळ्यात काय करायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून माझ्या मार्गदर्शक बाईंनी हे प्रकरण माझ्या गळ्यात घातलं. मला वाटलं, आठवड्याभराचं काम आहे. चिकणमातीतून पाणी सावकाश मुरतं, खालची वाळू भराभर पाणी वाहून नेते, तेव्हा निचऱ्याचे पाइप वाळूत टाका, झालं. बाई काहीच बोलल्या नाहीत. खड्डा कधी घेतेस, एवढंच विचारलं.

तो भाग म्हणजे रेड नदीचं खोरं. खोरं म्हणतात खरं, पण दोन्ही बाजूंना डोंगर वगैरे शोधू नका. पाटावर पाणी सांडावं आणि ते कुठल्या बाजूला जायचं हे त्यालाच ठरवता येऊ नये, इतकी सपाट जमीन. नदी दक्षिणेकडून उत्तरेला, कॅनडाकडे वाहते. त्यामुळे वसंतात उगमाकडचा बर्फ आधी वितळतो आणि पुढे उत्तरेत पात्र अजून गोठलेलंच असतं, मग पाणी तुंबून पूर येतो. १९९७ साली ग्रँड फोर्क्स शहर अशाच पुरात बुडालं होतं. मुळात ही नदीने घडवलेली जमीनच नाही. हा एका प्रचंड सरोवराचा तळ आहे.

सरोवराचं नाव ॲगासिझ. वॉरेन अपहॅम यांनी १८७९ मध्ये हिमयुगाची कल्पना मांडणाऱ्या लुई ॲगासिझ यांच्यावरून ते ठेवलं. उत्तरेला अवाढव्य हिमनदीची भिंत, तिने अडवलेलं वितळपाणी, असं हे सरोवर सुमारे १४,००० वर्षांपूर्वी तुंबायला लागलं आणि सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी शेवटचं रिकामं झालं. मधल्या काळात त्याची पातळी कित्येकदा चढली-उतरली. भिंत सरकली की पाण्याला नवी वाट मिळायची, पुन्हा पुढे आली की वाट बुजायची. हे पुस्तकात वाचताना मला कंटाळा यायचा, कारण प्रत्येक टप्प्याला वेगळं नाव आणि परीक्षेत ती सगळी क्रमाने लिहायची. खड्ड्यात उतरल्यावर मात्र तो चढ-उतार डोळ्यांसमोर, माझ्या गुडघ्याच्या जरा वर, आडव्या रेघेसारखा दिसला.

खड्डा बॅकहोने, म्हणजे खोदकामाच्या यंत्राने, खणला. खोली १४० सेंटिमीटर ठेवली, त्याला कारण होतं. पाच फूट, म्हणजे दीडेक मीटरच्या पुढे गेलं की तिथल्या कामगार-सुरक्षेच्या नियमाप्रमाणे भिंतींना आधार द्यावा लागतो, आणि आमच्याकडे आधाराचं सामान नव्हतं. उन्हाची बाजू निवडली आणि सुरीच्या टोकाने ती भिंत टोकरायला घेतली. नवख्या माणसाची पहिली चूक हीच, की बॅकहोच्या दातांनी सारवून गुळगुळीत केलेली भिंत तो खरी समजतो. ती माती नसते, लिंपण असतं. तासभर टोकरल्यावर ढेकळं आपापल्या आकारात सुटायला लागतात आणि माती स्वतःचं रूप दाखवते.

वरचे २२ सेंटिमीटर नांगरटीचे, काळे कुळकुळीत. मन्सेलच्या रंगपुस्तकात १० वायआर २/१, याहून काळं त्या पानावर काही नसतं. त्याखाली साधारण साठपर्यंत गर्द करडी चिकण. इथली ढेकळं पाचरीसारखी तिरपी सुटत होती आणि त्यांच्या बाजू मेण लावल्यासारख्या चकाकत होत्या. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि दरवेळी तिचे तुकडे एकमेकांवर घासून ती चकाकी येते. भेगांमधून वरची काळी माती खाली ओघळून जिभांसारखी गोठली होती. काळ्या रानात वाढलेल्या माणसाला हे नवं नाही, पण बाराही महिने ऊन तापणाऱ्या काळ्या रानात मी हे पाहिलं होतं. वर्षातले पाच महिने गोठलेल्या जमिनीत ते बघून गंमत वाटली.

पोत हाताने ओळखायचा असतो. लिंबाएवढा गोळा ओला करून मळायचा, मग अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून पट्टी काढत जायची. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, पाचाच्या पुढे गेली तर चिकण. माझी पट्टी बोटावरून लोंबायला लागली तरी तुटेना. बाईंनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, कणभर दातांखाली धरला आणि म्हणाल्या, "यात गाळही बराच आहे." बारीक गाळ दातांखाली किंचित करकरतो, शुद्ध चिकण लोण्यासारखी लागते. मीही चावून पाहिलं. करकर मला ऐकू आली नाही, पण मी मान डोलावली. त्या उन्हाळ्यात मी बरीच माती खाल्ली, आणि ऑगस्टपर्यंत करकर ओळखू यायला लागली.

साठ ते चौऱ्याऐंशी सेंटिमीटरमध्ये रंग फिका होऊन करडा-तपकिरी झाला. इथे चुन्याचे पांढरे ठिपके होते, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की फसफसायचे. आणि इथेच पातळ थर दिसले, वहीच्या पानांसारखे, एक फिका, एक गडद. फिका पदर जाडसर गाळाचा, गडद चिकणीचा. सरोवराच्या तळाशी चिकण साठायची तर पाणी किती निवांत हवं, याचा हिशेब मी नंतर करून पाहिला. दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली बसायला साधारण आठ तास घेतो. म्हणजे दिवसाला ३० सेंटिमीटर. पाणी तीस मीटर खोल असेल तर एका कणाला तळ गाठायला शंभर दिवस. शंभर दिवस लाट नको, प्रवाह नको. असा निवांतपणा सरोवरावर बर्फाचं झाकण बसल्यावरच मिळतो.

आणि मग चौऱ्याऐंशीवर एकदम वाळू.

एकदम म्हणजे खरोखर एकदम. वर सुरीला चिकटणारी माती, आणि चार बोटं खाली बोटांतून गळून जाणारी बारीक, फिकट पिवळसर वाळू. अमेरिकी वर्गीकरणात 'वाळूवर चिकण' असा शेरा द्यायचा तर एका थरातून दुसऱ्यात जाणारा पट्टा १२.५ सेंटिमीटरपेक्षा जाड असून चालत नाही. आमचा पट्टा चार सेंटिमीटर भरला. ती वाळू म्हणजे सरोवर उतरलं होतं त्या काळातली. उघड्या पडलेल्या तळावरून ओढे वाहिले, त्यांनी वाळू पसरली. पुढे पाणी पुन्हा चढलं, ओढे बुडाले, आणि त्यांच्यावर खोल, शांत पाण्यातली चिकण बसत गेली. खोऱ्यात काही ठिकाणी अशा वाळूने भरलेली जुनी पात्रं आज आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच दिसतात. कारण शेजारची चिकण भाराने दबून बसली, वाळू फारशी दबली नाही. जिथे ओढ्याचा खड्डा होता तिथेच आता उंचवटा.

वर्णन पुरं झालं असं मला वाटलं. बाईंनी हद्दीवर बोट ठेवून विचारलं, हे लिहिलंस का? चिकण संपते तिथे, अगदी काठावर, बोटभर जाडीची गंजाची नारिंगी रेघ होती. मी ती ठिपक्यांच्या रकान्यात एका शब्दात उरकली होती. ही रेघ इथेच का, वर का नाही, खाली का नाही, हा विचार कर, असं सांगून त्या जेवायला गेल्या.

मी जेवायला गेले तेव्हा खड्ड्याने आपला कारभार केला. दुपारच्या उन्हात वाळू सुकली आणि भिंतीच्या खालून गळायला लागली. वरची चिकण छज्जासारखी पुढे लोंबत राहिली आणि मग तिचा टेबलाएवढा तुकडा खाली आला. माझी नमुन्यांची बादली चेपली, रंगपुस्तकाचं एक पान फाटलं. मी खाली असते तर काय झालं असतं, हा विचार मी तेव्हा टाळला. वाळूवरची चिकण खणताना वरची घट्ट माती बघून निर्धास्त व्हायचं नसतं. पाया खालचा असतो आणि तो उन्हात बसून सुकत असतो.

पुढचे दोन आठवडे प्रयोगशाळेत. हायड्रोमीटर, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं द्रावण, रात्री उशिराची वाचनं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळं हाताने ओळखलं त्याच्या आसपासच आलं.

खरं उत्तर मिळालं ते काचेच्या नळीत. बाईंनी मला मनगटाएवढी रुंद नळी दिली. खाली वितभर त्याच शेतातली कोरडी वाळू भर, वर वितभर कुटून चाळलेली चिकण, आणि वरून थेंबथेंब पाणी सोड. माती भिजते तशी ती गडद होते, त्यामुळे ओल कुठवर पोचली ते बाहेरून दिसतं. ओलीची रेघ सावकाश खाली येत होती. माझी समजूत अशी, की ती वाळूपर्यंत आली की सुटकेचा निःश्वास टाकल्यासारखी धावत खाली जाईल.

ती हद्दीवर आली आणि थांबली.

मी नळी टिचकीने वाजवून पाहिली. घड्याळ पाहिलं. वरून थेंब पडतच होते, वाळू कोरडी ठणठणीत, आणि चिकण आणखी आणखी गडद होत होती, खालून वर. जणू हद्दीवर कुणी काच बसवली होती. बऱ्याच वेळाने हद्दीवरची चिकण चमकायला लागली, आणि मग एका कोपऱ्यात, फक्त तिथेच, पाण्याचं एक बोट वाळूत घुसलं आणि सरळ तळाला गेलं. आजूबाजूची वाळू तशीच कोरडी.

कारण असं. चिकणीच्या पोकळ्या अतिशय बारीक, त्या पाणी ओढून धरतात. दिव्याची वात तेल धरते तसं. वाळूच्या पोकळ्या त्यांच्या मानाने दालनं. बारीक वातीतलं पाणी दालनात आपणहून उतरत नाही. चिकण इतकी भरायला लागते की तिची ओढ जवळजवळ संपून जाते, तेव्हा कुठे पाणी वाळूत शिरतं. त्यामुळे वाळूवर बसलेली चिकण तितक्याच जाडीच्या, खालीही चिकणच असलेल्या मातीपेक्षा जास्त काळ ओली राहते. मी वाळूला निचऱ्याची वाट समजत होते, आणि ती अर्धवट बंद दार निघाली. कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, अशी समजूत आहे ना? त्याच कारणाने तिचा उपयोग होत नाही. खडीच्या वरची माती उलट जास्त काळ चिंब राहते.

गंजाची रेघही उलगडली. हद्दीवर पाणी लटकून राहतं, तिथला प्राणवायू संपतो, मातीतलं लोह विरघळतं. त्या पाण्याला खालच्या वाळूतली हवा लागते आणि लोह पुन्हा गंज होऊन तिथेच बसतं. हजारो वर्षं पाणी कुठे अडतं आहे ते माती स्वतः रेघ मारून दाखवत होती आणि मी ते 'ठिपके' म्हणून उरकलं होतं. तिथल्या सखल चिकणमातीला फार्गो असं नाव आहे आणि तिच्या शास्त्रीय नावात 'एपि' हा उपसर्ग येतो. त्याचा अर्थ वरून तुंबलेली, खालचं पाणी चढून ओली झालेली नव्हे. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं.

आता पाइपांचा प्रश्न. शेतकऱ्याने कंत्राटदाराकडून अंदाज घेऊन ठेवला होता, सगळ्या शेतात चार फुटांवर, म्हणजे वाळूत, छिद्रांचे पाइप. इथे मी दुसऱ्यांदा चकले. मी म्हटलं, मग पाइप वाळूत नको, हद्दीच्या जरा वर चिकणीत टाकू. बाईंनी कागदावर दोन रेघा काढल्या. पाइपात पाणी आत यायचं तर बाहेरचं पाणी दाबाखाली हवं. ओढून धरलेलं पाणी छिद्रातून आत उडी मारत नाही. पाइप जे करतो, म्हणजे त्या खोलीवर दाब शून्यावर आणून ठेवतो, ते खालची कोरडी वाळू आधीच करते आहे, आणि तेही सगळ्या शेताखाली. वाळू म्हणजे शेतभर अंथरलेला फुकटचा पाइपच. त्याच्या डोक्यावर आणखी पाइप टाकून काय मिळणार? तुंबलेलं पाणी अडलंय ते चिकणीच्या सावकाशपणामुळे, आणि त्यावर इलाज एकच, ते पाणी वरच्यावर, उथळ चरांनी काढून देणं. त्या खोऱ्यातले जुने शेतकरी पहिल्यापासून तेच करत आलेत.

हे शेतकऱ्याला सांगायला मी मोठ्या ऐटीत गेले. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्ही पश्चिमेकडे खोदलं का?"

नव्हतं खोदलं. एक खड्डा, तोही पूर्वेला, नाल्याच्या बाजूला. पश्चिमेकडे बॅकहो पुन्हा मागवायची सोय नव्हती, म्हणून लांब दांड्याचं गिरमिट, ज्याला सगळे ऑगर म्हणतात, ते घेऊन गेलो. तेच काळं, तीच पाचरींची चिकण, तेच वहीच्या पानांसारखे थर. एक मीटरच्या जरा आधी गिरमिट वाळूत गेलं आणि हाताला एकदम हलकं लागलं. वर काढलं तर वाळू राखाडी, ओली, गंजाच्या डागांनी भरलेली. आणि भोकातून आवाज आला, कुणी घोट घेतल्यासारखा. डोकावले तर पाणी वर चढत होतं. चिकणीच्या तळापासून जवळजवळ वितभर वर येऊन ते थांबलं. पुन्हा गिरमिट घातलं तर आधी काढलेल्या खोलीपर्यंत जाईना, कारण खालची वाळू पाण्याबरोबर वर पळून येऊन भोक भरत होती. अर्धा तास आम्ही तीच ती वाळू उपसत बसलो.

वरून बघितलं तर दोन्हीकडचे थर सारखे. नकाशावर एकाच रंगात रंगवले असते मी. पण पूर्वेच्या वाळूला नाल्याच्या काठाने बाहेर पडायला वाट होती, म्हणून ती कोरडी आणि पिवळी. पश्चिमेच्या वाळूला वाट नव्हती, म्हणून ती भरलेली, चिकणीखाली दाबून धरलेली. तिथे पाइप वाळूत टाकला तर तो काम करणार होता. फक्त त्याला बाहेरून कापडाचा मोजा हवा, नाहीतर ही पळती वाळू दोन-चार वर्षांत पाइप भरून टाकते. शेतकऱ्याने एका जुन्या शेतात ते भोगलेलं होतं, मोज्याचं त्याला सांगावं लागलं नाही.

जुलैत आम्ही दोन्ही बाजूंना टेन्सिओमीटर लावले. मातीची ओढ मोजणारी ही नळी, टोकाला सच्छिद्र मातीचा पेला असलेली. पूर्वेला एका मोठ्या पावसानंतर हद्दीच्या वरची ओढ जवळजवळ शून्यावर आली आणि आठवड्यानंतरही पाण्याच्या वीसेक सेंटिमीटर उंचीइतक्या ओढीच्या पुढे गेली नव्हती. सोयाबीनची मुळं तिथे उघडून पाहिली तर ती हद्दीपर्यंत सरळ आलेली आणि मग काटकोनात वळून गंजाच्या रेघेवरून आडवी गेलेली. दोन-चार वाळूत उतरली होती, धाग्यासारखी बारीक. पश्चिमेचा एक पेला मी ऑक्टोबरमध्ये काढायला विसरले. वसंतात मिळाला तेव्हा आतल्या पाण्याचा बर्फ होऊन त्याचे तीन तुकडे झाले होते.

मेमध्ये शेतकऱ्याने पश्चिमेच्या अर्ध्या शेतात मोजा चढवलेले पाइप टाकून घेतले. पूर्वेच्या अर्ध्यात उथळ चर काढले आणि कंत्राटदाराला उरलेली रिळं परत न्यायला सांगितली. दोन्हींच्या मध्ये हद्द कुठे धरायची हे मला सांगता येईना, म्हणून आम्ही दोघं एक अख्खी दुपार दर वीस पावलांवर गिरमिट घालत फिरलो. वाळू पिवळी निघाली की तो निळा झेंडा रोवायचा, राखाडी निघाली की लाल. सहा ठिकाणी ती अर्धी पिवळी, अर्धी राखाडी निघाली. तिथे त्याने दोन्ही झेंडे रोवले.